फ्रीबीएसडी ही लिनक्सची डिस्ट्रो नव्हे
सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "सर, फ्रीबीएसडी ही लिनक्सची कुठली डिस्ट्रो?" कुठलीच नाही! डिस्ट्रो म्हणजे लिनक्सभोवती बाकीचं सॉफ्टवेअर जमवून केलेली तयार सिस्टीम; फ्रीबीएसडी ही वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

दोन्ही फुकट, दोन्ही युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणाच्या, रोजच्या बऱ्याच कमांड सारख्या. एवढं पुरे.

गोम वेगळीच आहे. लिनक्स हे नुसतं कर्नल आहे, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा. डेबियन या डिस्ट्रोवर 'एलएस' (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) टाइप करा. ती कमांड जीएनू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पवाल्यांची, खालचं कर्नल लिनक्सचा कर्ता लिनस तोरवाल्ड्स आणि मंडळींचं, आणि दोन्हींची मोट बांधली डेबियनच्या लोकांनी. फ्रीबीएसडीत 'एलएस' आणि कर्नल यांचा सोर्स एकाच ठिकाणी राहतो, एकच चमू तो सांभाळतो. बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलं की ते 'यूएसआर-लोकल' या वेगळ्या फोल्डरमध्ये जातं, मूळ सिस्टीममध्ये मिसळत नाही. सोलापूरकराला मागावरून सांगतो: लिनक्स हा माग, त्यावर कुठली चादर विणायची ते कारखानदार ठरवतो. फ्रीबीएसडीत सूत रंगवण्यापासून चादरीची घडी घालेपर्यंत सगळं एकाच छपराखाली. म्हणून "लिनक्स २२.०४" म्हणणाऱ्याला मी तिथेच थांबवतो. तो आकडा उबंटू या डिस्ट्रोचा आहे.

मग गर्दी लिनक्सकडेच का? "ते सरस म्हणून" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीच्या, म्हणजे फ्रीबीएसडी जिच्यातून आली त्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्सच्या, कोडवरून दावा ठोकला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा सुमारे १८,००० फाइल्सपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या. पण मधली दोन वर्षं बीएसडीच्या वाटेला जायला लोक कचरले आणि तोरवाल्ड्सचं १९९१ चं कर्नल तेवढ्यात बाळसं धरून बसलं. ३८६बीएसडी (साध्या पीसीवर चालणारं बीएसडी) आधी हाती असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं, असं तो स्वतःच म्हणाला आहे.

शिवाय माग मोकळा असल्यामुळे कुणीही आपली चादर काढावी! उबंटूवाले तर सीडी फुकट घरपोच पाठवायचे. माझ्याकडे पोस्टाने आलेली पाकिटासकट जपून ठेवली आहे. माणसं जमली तसे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअरं) आले, ड्रायव्हर आले तशी आणखी माणसं.

लायसन्सचा मुद्दा लोक उगाच ताणतात. बीएसडीचा कोड घेऊन आपले बदल बंद, म्हणजे सोर्स न दाखवता, ठेवता येतात, प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम तशीच बनली. घरच्या लॅपटॉपवाल्याला त्याने काही फरक पडत नाही.

नव्या पोराला मी डेबियनच टाकून देतो, वाय-फाय पहिल्या दिवशी लागलं पाहिजे. लॅबच्या फाइल सर्व्हरवर मात्र फ्रीबीएसडी आणि झेडएफएस ही फाइल सिस्टीम. ते मी बदलणार नाही.