गेमसमीक्षेला निर्मात्यांचा प्रतिसाद

व्हिडिओ गेमवर प्रतिकूल समीक्षा प्रसिद्ध झाल्यानंतर त्या गेमचे निर्माते, निर्मितिसंस्था किंवा प्रकाशक जे करतात अथवा जाणूनबुजून करायचे टाळतात, त्या सर्वांचा विचार या नोंदीत केला आहे. जाहीर उत्तर, खुलासा, दिलगिरी, तांत्रिक दुरुस्ती, गेमच्या रचनेतील फेरबदल, समीक्षकांना आगाऊ प्रत नाकारणे, न्यायालयीन कारवाई आणि मौन हे त्याचे ठळक प्रकार होत. छापून गेलेल्या पुस्तकाचा लेखक समीक्षकाशी वाद घालू शकतो, परंतु वाचकाच्या हातातील प्रत त्याला बदलता येत नाही. गेमच्या बाबतीत मात्र सुमारे १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून इंटरनेटद्वारे दुरुस्त्या पाठवणे सुलभ होत गेले आणि ज्या कृतीवर टीका झाली ती कृतीच टीकेनंतर बदलणे शक्य झाले. या एका फरकामुळे इतर कलांमधील लेखक-समीक्षक संबंधांचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

उगम : गेमसमीक्षेला वाहिलेली नियतकालिके १९८१च्या सुमारास उदयास आली. अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ व ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’, तर ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ ही त्याच वर्षीची. जपानमधील ‘फामित्सु’ हे नियतकालिक १९८६ मध्ये सुरू झाले. चार समीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज ४० पैकी मांडायची, ही त्याची पद्धत पुढे फार प्रसिद्ध झाली. निर्मात्यांच्या प्रतिसादाचे मूळ कोठे शोधायचे, याविषयी दोन प्रकारे विचार करता येतो. एका विचारानुसार ही साहित्यातील जुन्या पत्रव्यवहाराचीच पुढची पायरी आहे : समीक्षकाने लिहावे, लेखकाने संपादकाला पत्र पाठवून खोडून काढावे. दुसऱ्या विचारानुसार तिचे मूळ सॉफ्टवेअरच्या देखभालीत आहे, जेथे तक्रार हे मत नसून दोषाची नोंद असते आणि तिचे उत्तर युक्तिवादाने नव्हे तर दुरुस्तीने द्यायचे असते. दोन्ही धारा पुढे एकमेकींत मिसळल्या हे खरे; तथापि नंतरची उदाहरणे पाहता दुसरा विचार अधिक ग्राह्य वाटतो, कारण टिकून राहिलेले प्रतिसाद बहुतेक दुरुस्तीच्या स्वरूपाचे आहेत.

या दोहोंच्या मधे बसणारे एक लवकरचे उदाहरण म्हणजे गेमनिर्माते रिचर्ड गॅरियट यांचे. १९८३ मध्ये त्यांनी ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही स्वतःची कंपनी स्थापन केली आणि ‘अल्टिमा ३’ या गेमविषयीची पत्रे थेट त्यांच्या हाती पडू लागली. खेळाडू गेममधील निरपराध गावकऱ्यांना मारून व लुटून पुढे जातात, हे त्यांना त्या पत्रांतून उमगले. गेमवर सैतानी असल्याचा आरोप करणारी पत्रेही त्यांत होती. १९८५च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये अंतिम खलनायक नाही आणि खेळाडूला आठ सद्‌गुण अंगी बाणवावे लागतात. या बदलामागे ती पत्रे होती असे गॅरियट यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. हे कथन नंतरच्या आठवणींवर आधारलेले असल्याने ते काहीसे सावधपणे घ्यावे लागते, पण टीकेला नव्या कृतीतून उत्तर देण्याचा तो एक प्रारंभीचा नमुना मानता येईल.

गुणसरासरीचा प्रश्न : प्रतिसादाचे स्वरूप समजण्यासाठी गुणांची पद्धत समजून घेणे अपरिहार्य आहे. ‘गेमरँकिंग्ज’ हे संकेतस्थळ १९९९ मध्ये, तर ‘मेटाक्रिटिक’ २००१ मध्ये सुरू झाले. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या नियतकालिकांचे गुण १०० पैकी गुणांत रूपांतरित करते आणि त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या नियतकालिकाला किती भार द्यायचा हे ते जाहीर करत नाही. रूपांतरातही खाचाखोचा आहेत. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०, हे सरळ आहे. परंतु ‘बी उणे’ ही अक्षरश्रेणी ६७ होते आणि ‘एफ’ थेट शून्य होते. अक्षरश्रेणी देणाऱ्या समीक्षकाला तिचा अर्थ इतका कठोर अभिप्रेत असेलच असे नाही. गेमसाठी ७५ व त्यापुढील सरासरी हिरव्या रंगात, ५० ते ७४ पिवळ्या आणि त्याखालील तांबड्या रंगात दाखवली जाते, तर चित्रपटांसाठी हिरवा रंग ६१ पासूनच सुरू होतो. त्यामुळे एकाच सरासरीचा चित्रपट स्वागतार्ह दिसतो आणि गेम मध्यम दिसतो.

ही सरासरी करारांत शिरली तेव्हा तिला आर्थिक धार आली. २००४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या गेम विभागाने आपल्या चित्रपटांवर आधारित गेमची सरासरी ७० च्या खाली गेल्यास परवानाधारकाकडून अधिक स्वामित्वशुल्क घेण्याचे धोरण जाहीर केले. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ (२०१०) या गेमच्या बाबतीत, मेटाक्रिटिकवरील सरासरी ८५ झाल्यास ‘ऑब्सिडियन’ या निर्मितिसंस्थेला बोनस मिळायचा होता, ती ८४ वर थांबली आणि बोनस मिळाला नाही, असे तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या क्रिस ॲव्हलोन यांनी २०१२ मध्ये उघड केले. जेथे एका गुणावर संस्थेची मिळकत अवलंबून असते, तेथे निर्मात्यांनी समीक्षेकडे शांतपणे पाहावे ही अपेक्षा अवाजवी ठरते. निर्मात्यांच्या चिडलेल्या उत्तरांचा विचार करताना हा भाग अनेकदा सुटून जातो.

मेटाक्रिटिकचा आणखी एक नियम येथे महत्त्वाचा आहे. समीक्षकाने प्रथम प्रसिद्ध केलेले गुणच ग्राह्य धरले जातात. गेम सुधारल्यावर त्याने गुण बदलले तरी सरासरी हलत नाही. हा नियम समीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून उपयुक्त आहे, पण त्याची दुसरी बाजू अशी की निर्मात्याने कितीही दुरुस्ती केली तरी व्यावसायिक समीक्षेच्या अधिकृत नोंदीत ती उमटत नाही. ‘सिमसिटी’ (मार्च २०१३) या गेमचे उदाहरण या अडचणीवर प्रकाश टाकते. आगाऊ प्रतीवरून ‘पॉलिगॉन’ या संकेतस्थळाने १० पैकी ९.५ गुण दिले. प्रकाशनानंतर सर्व्हर कोलमडल्याने ते ८, मग ४ आणि कालांतराने ६.५ केले. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय गेममध्ये यायला पुढे एक वर्ष गेले. यातील कोणता आकडा गेमविषयी खरा होता, याचे उत्तर तो आकडा कोणत्या दिवशीचा आहे यावर अवलंबून आहे.

दुरुस्तीरूप प्रतिसाद : सर्वांत व्यापक फेररचना ‘फायनल फँटसी १४’ या इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायच्या गेमची मानली जाते. सप्टेंबर २०१० मध्ये आलेल्या मूळ गेमची मेटाक्रिटिकवरील सरासरी ४९ होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे देण्यात आली. चित्रणावर अवाजवी भर दिल्याचा दोष त्यांनी नंतर एका उदाहरणाने सांगितला : गेममधील साध्या फुलझाडाच्या कुंडीला सुमारे १,००० पॉलिगॉन (त्रिमितीय चित्र ज्यांपासून घडते ते छोटे बहुभुज) वापरले होते, म्हणजे जवळजवळ खेळाडूच्या पात्राइतकेच, अशा कुंड्या पडद्यावर असल्यावर एका वेळी दिसू शकणाऱ्या खेळाडूंची संख्या घटत असे. योशिदा यांनी खेळाडूंना उद्देशून निर्मात्याची पत्रे नियमितपणे प्रसिद्ध केली, चालू गेम दुरुस्त करत असतानाच दुसरा गेम नव्याने घडवला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रेल्म रिबॉर्न’ प्रकाशित केला. तो वेगळा गेम म्हणून नोंदवला गेल्याने त्याची समीक्षाही स्वतंत्रपणे झाली आणि सरासरी ८० च्या वर गेली. वरील नियमातून सुटण्याची ही वाट अर्थातच फार थोड्या संस्थांना परवडणारी आहे.

‘नो मॅन्स स्काय’ (ऑगस्ट २०१६) या गेमच्या बाबतीत ‘हॅलो गेम्स’ या लहान ब्रिटिश संस्थेने बोलणेच थांबवले. प्रकाशनापूर्वी वर्णन केलेल्या काही गोष्टी गेममध्ये नाहीत अशी टीका तीव्र असताना प्रमुख शॉन मरी काही महिने जाहीरपणे जवळजवळ काहीच बोलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये पहिले मोठे अपडेट आले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे विनामूल्य अपडेट येत राहिली. या मौनाचा अर्थ सुरुवातीला पलायन असा लावला गेला. पुढील कामामुळे तो बदलला, तरी पैसे देऊन गेम घेतलेल्यांना त्या काळात एक साधा खुलासा मिळायला हवा होता, हा आक्षेप त्यामुळे निकालात निघत नाही. ‘सायबरपंक २०७७’ (डिसेंबर २०२०) मध्ये समीक्षकांना प्रकाशनापूर्वी केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली होती, त्यामुळे जुन्या कन्सोलवरील दुरवस्था खेळाडूंनाच प्रथम दिसली. सोनीने आठवडाभरात गेम आपल्या दुकानातून काढला. तो जून २०२१ मध्ये परत आला आणि सप्टेंबर २०२३च्या २.० आवृत्तीने त्याची बरीचशी रचना बदलली.

समीक्षकांनी प्रशंसा करूनही खेळाडूंनी धारेवर धरले, असेही घडते. ‘मास इफेक्ट ३’ (मार्च २०१२) चा शेवट अनेक खेळाडूंना अमान्य झाल्यावर ‘बायोवेअर’ या निर्मितिसंस्थेने जूनमध्ये शेवटाचा विनामूल्य विस्तार दिला. हा कलाकृतीतील अनाठायी हस्तक्षेप की योग्य संवाद, यावर मतभेद आहेत. मूळ शेवट कायम ठेवून तो मुख्यतः विशद केला गेला, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक संयुक्तिक वाटते.

लेखी उत्तरे : ‘स्टीम’ या विक्रीमंचावर २०१३च्या अखेरीस खेळाडूंच्या समीक्षा सुरू झाल्या आणि प्रत्येक समीक्षेखाली निर्मात्याला अधिकृत उत्तर देण्याची सोय झाली. निर्माता आक्षेपार्ह समीक्षेकडे लक्ष वेधू शकतो, परंतु ती स्वतः पुसू शकत नाही. मे २०१६ पासून एकूण अभिप्रायासोबत अलीकडच्या ३० दिवसांचा अभिप्राय वेगळा दाखवला जाऊ लागला. बाह्यतः किरकोळ भासणारा हा बदल फार परिणामकारक ठरला, कारण दुरुस्तीचे फळ प्रथमच विक्रीच्या पानावर दिसू लागले आणि निर्मात्यांचे लक्ष व्यावसायिक समीक्षकाकडून खेळाडूकडे वळले. मार्च २०१९ पासून गेमशी असंबद्ध कारणांवरून एकाच वेळी केलेल्या प्रतिकूल नोंदींचा काळ गुणांकनातून वगळला जातो. त्या नोंदी मात्र वाचता येतात. ॲपलने ॲप स्टोअरवर निर्मात्यांना उत्तराची सोय २०१७ मध्ये दिली.

लेखी उत्तरांत तथ्याची दुरुस्ती आणि अभिरुचीशी वाद यांतील भेद निर्णायक असतो. अमुक दोष तमुक आवृत्तीत दूर झाला आहे, हे सांगणारे उत्तर सहसा कोणाला खटकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफिल्ड’ या गेममधील ग्रह ओसाड व कंटाळवाणे असल्याची तक्रार करणाऱ्यांना, चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तेथे काही नव्हते आणि तरी ते कंटाळले नाहीत, अशा आशयाची उत्तरे ‘बेथेस्डा’ या त्याच्या निर्मितिसंस्थेच्या वतीने देण्यात आली. ती उपहासाचा विषय झाली. खेळाडूला आलेला कंटाळा हा त्याचा अनुभव असतो. तो आला नसावा असे त्याला पटवून देता येत नाही.

दबाव आणि कायदा : नोव्हेंबर २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’ या गेमच्या प्रतिकूल समीक्षेनंतर ती लिहिणारे जेफ गर्स्टमन यांना ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळावरून काढण्यात आले. त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. जाहिरातदाराच्या दबावाचा आरोप संकेतस्थळाने नाकारला होता. गर्स्टमन यांनी २०१२ मध्ये आपली बाजू मांडली. २०११ मध्ये ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’च्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या संस्थेने कठोर समीक्षकांना पुढे प्रती न देण्याचा इशारा जाहीरपणे दिला, तेव्हा प्रकाशक ‘टूके’ने त्या संस्थेशी संबंध तोडले. ‘इन्सेल गेम्स’च्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्याच गेमची समीक्षा लिहिण्यास सांगितल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या संस्थेचे गेम स्टीमवरून हटवण्यात आले. न्यायालयीन उदाहरणांत ‘डिजिटल होमिसाइड’ या निर्मितिसंस्थेचा दावा प्रसिद्ध आहे : समीक्षक जिम स्टर्लिंग (पुढे जेम्स स्टेफनी स्टर्लिंग) यांच्या टीकेबद्दल १ कोटी डॉलरहून अधिक भरपाई मागणारा हा दावा २०१६ मध्ये ॲरिझोनात दाखल झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा दाखल करता येणार नाही अशा रीतीने निकाली निघाला. अमेरिकेत २०१६च्या ग्राहक-समीक्षा कायद्याने, प्रतिकूल मत मांडण्यास ग्राहकाला मनाई करणाऱ्या सरसकट छापील करारांतील अटी अवैध ठरवल्या आहेत.

अभ्यास : होझे झगाल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गेमसमीक्षांचे विश्लेषण करून, त्यांत ग्राहकाला सल्ला देण्यापलीकडे रचनेविषयीच्या सूचनाही असतात हे दाखवले. दायी लिन आणि सहकाऱ्यांच्या स्टीमवरील अभ्यासानुसार (२०१९) प्रतिकूल समीक्षा लिहिणारे खेळाडू अनुकूल समीक्षा लिहिणाऱ्यांपेक्षा बऱ्याच कमी वेळ खेळलेले असतात, आणि तक्रारींत तांत्रिक दोषांपेक्षा गेमच्या रचनेचा वाटा मोठा असतो. पहिल्या निष्कर्षाचा आधार घेऊन टीका उथळ ठरवण्याचा मोह निर्मात्यांना होऊ शकतो. पण गेम कंटाळवाणा असेल तर खेळाडू तो लवकर सोडणारच. दुसरा निष्कर्ष निर्मात्यांच्या दृष्टीने अधिक कठीण आहे. तांत्रिक दोष पॅच (छोटी दुरुस्ती) देऊन काही दिवसांत दूर होतो, परंतु रचनेतील दोषासाठी योशिदा यांच्या चमूला लागला तसा दोन-तीन वर्षांचा अवधी आणि तेवढा काळ तग धरू शकेल असा प्रकाशक लागतो.