ग्रामीण रुग्णालय 30 खाटांवरून 50 वर न्यायचं तर कागद कोणते लागतात?

पहिली गोष्ट, यासाठी नागरिकाने भरायचा छापील अर्ज वगैरे काही नसतो. सरकारी भाषेत याला ‘श्रेणीवर्धन’ म्हणतात आणि प्रस्ताव जातो जिल्हा शल्यचिकित्सकांकडून. तिथून आरोग्य उपसंचालक, मग आयुक्तालय, शेवटी मंत्रालयातला सार्वजनिक आरोग्य विभाग. आपलं काम, फाइल भरभक्कम करून देणं.

निकष लोकसंख्येपासून सुरू होतात. 30 खाटांच्या रुग्णालयामागे सपाट भागात 1,20,000 आणि आदिवासी-डोंगराळ भागात 80,000 लोकसंख्या धरली जाते. पण नुसत्या लोकसंख्येवर वजन पडत नाही. खरा पुरावा असतो तो वॉर्डातल्या रजिस्टरात.

हिशोब सोपा आहे. 30 खाटा, 30 दिवस म्हणजे 900 खाटा-दिवस. रोज रात्री 12 ला भरती असलेल्या रुग्णांची महिन्याची बेरीज 990 आली, तर व्याप्ती (म्हणजे खाटा किती भरलेल्या) 110 टक्के. इथेच घोळ होतो. बाळंतिणींच्या वॉर्डात खाली गादी टाकून झोपवलेल्या बाईची नोंद राहून गेली, की कागदावर वॉर्ड निवांत दिसतो! म्हणून किमान वर्षभराचे आकडे मागा. मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत.

सोबत ग्रामसभांचे ठराव (एकाच गावाचा नको, रुग्णालयावर अवलंबून असलेल्या सगळ्या गावांचे), बाह्यरुग्ण, प्रसूती आणि पुढे पाठवलेल्या रुग्णांची संख्या, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचं अंतर, आणि जागेचा सातबारा व मोजणी नकाशा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ती देण्याचा वेगळा ठराव. आमदारांचं पत्र जोडाच, फाइल हलते.

मंजुरीचा शासन निर्णय निघाला की गावात फटाके वाजतात. ते जरा थांबवा. त्या निर्णयात बहुधा ‘पदनिर्मिती व बांधकामाबाबत स्वतंत्रपणे आदेश निर्गमित करण्यात येतील’ अशा अर्थाचं वाक्य असतं. सगळी मेख त्यात. नवी पदं वित्त विभाग आणि उच्चस्तरीय सचिव समितीतून जातात, इमारतीचं अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभाग करतो आणि तरतूद अर्थसंकल्पात यावी लागते. भूलतज्ज्ञ आणि परिचारिकांची पदं भरली नाहीत, तर त्या 20 लोखंडी खाटा गोदामात प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहतात. तेव्हा शासन निर्णय हाती आल्यावर पुढचं पत्र लगेच टाका, पदांच्या आकृतिबंधाची (कोणती पदं किती, याच्या तक्त्याची) प्रत मागणारं.