एका थेंबासाठी बादलीभर ढग

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घागर भरतात, तेव्हा तिच्याखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवली जातात आणि ज्या महिन्याचे ढेकूळ अधिक भिजेल त्या महिन्यात पाऊस अधिक, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. तिथून पुढे सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. कुणी कपाशीची धूळपेरणी करून बसलेले असते, कुणी बियाणे घरात ठेवून थांबलेले असते. मृगात ढग येतात, तापीच्या खोऱ्यावरून सातपुड्याकडे सरकत निघून जातात आणि ‘आभाळ भरून आले होते, पण पडला नाही’ हे वाक्य पारापारावर ऐकू येते. ढग आणि पाऊस यांना आपण एकच समजतो, म्हणून हे वाक्य तक्रारीसारखे वाटते. वास्तविक ढगातल्या जलकणाचा पावसाचा थेंब होणे ही अवघड गोष्ट आहे आणि बहुतेक ढगांना ती साधत नाही.

भर पावसाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळला गेलेल्या माणसाने ढग आतून पाहिलेला असतो. दरीतून पांढरा लोट वर येतो, दहा पावलांवरचे झाड दिसेनासे होते, भुवयांवर आणि स्वेटरच्या लोकरीवर बारीक मोती जमतात, पण अंगावर काही पडत नाही. त्या लोटातल्या एका जलकणाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो आणि तो सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर या गतीने खाली येतो. म्हणजे हवा अगदी स्थिर असली, तरी एक किलोमीटर उतरायला त्याला सव्वा दिवसाच्या आसपास वेळ लागेल. प्रत्यक्षात वर चढणारी हवा त्याला उतरू देतच नाही.

हा कणसुद्धा आपोआप तयार होत नाही. हवा वर जाते तशी प्रसरण पावते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते, आणि एका उंचीवर तिच्यातली वाफ तिला पेलवेनाशी होते. परंतु दवाला जसे गवताचे पाते लागते, तसा वाफेलाही बसायला आधार लागतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८०च्या सुमारास दोन काचपात्रांत वाफ सोडून हे दाखवले. साध्या हवेच्या पात्रात लगेच धुके दाटले, तर कापसातून गाळून घेतलेल्या हवेच्या पात्रात काहीच दिसले नाही. धुळीचे, धुराचे आणि विशेषतः समुद्री मिठाचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत नसते, तर आर्द्रता शंभर टक्क्यांच्या कित्येक पट वाढल्याशिवाय ढगच झाला नसता. अरबी समुद्राच्या लाटांवरून उडालेले मीठ या अर्थाने आपल्या पावसाचे विरजण आहे.

खरी अडचण यापुढची आहे. वाफ शोषून कण वाढतो, पण जितका मोठा होतो तितकी ही वाढ मंदावते आणि केवळ याच मार्गाने पावसाचा थेंब व्हायला ढगाच्या आयुष्याहून कितीतरी अधिक वेळ लागेल. दोन मिलिमीटर व्यासाच्या एका थेंबात असे दहा लाख जलकण मावतात. एका घन सेंटिमीटर ढगात शंभर कण धरले, तर एका थेंबासाठी दहा लिटर, म्हणजे बादलीभर, ढग गोळा करावा लागतो. हे गोळा करण्याचे काम टकरीने होते. सगळे कण एकाच मापाचे असतील, तर ते एकाच गतीने उतरतात आणि एकमेकांना भिडत नाहीत. मिठाच्या एखाद्या जाड कणावर बसलेला जलकण मात्र इतरांपेक्षा मोठा होतो, जलद पडतो आणि वाटेतल्या लहानांना पोटात घेत जातो. तरीही फार बारीक कण त्याला चुकवतात. धावत्या एसटीसमोरची हलकी धूळ काचेवर न आदळता हवेबरोबर बाजूने निसटते, तसेच हे घडते. म्हणून हवेत धूर फार असला, तर पाणी असंख्य बारीक कणांत वाटले जाते आणि पाऊस लांबतो.

दुसरा मार्ग बर्फाचा आहे आणि तो आपल्याकडच्या वळिवाला विशेष लागू पडतो. उंच ढगात शून्याखाली बरेच अंश गेले तरी पुष्कळसे पाणी गोठत नाही. त्या अतिशीत पाण्यात थोडे बर्फकण तयार झाले, की वाफ पाण्यापेक्षा बर्फावर अधिक सहज बसते, त्यामुळे जलकण आटत जातात आणि बर्फकण झपाट्याने वाढतात. स्वीडनचे टोर बेर्येरॉन यांनी १९३०च्या दशकात ही उपपत्ती मांडली. जळगावला ऐन उन्हाळ्यात पडणारा टपोरा थेंब बहुधा वर बर्फ होता आणि वाटेत वितळला. जो वितळत नाही, ती गार.

थेंब झाला तरी तो जमिनीला लागेलच असे नाही, आणि खानदेशच्या दृष्टीने मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. सह्याद्री ओलांडून उतरणारी हवा तापते आणि कोरडी होते. तापमान आणि दवबिंदू (म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो अंश) यांच्यातल्या दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. तापमान ४२ आणि दवबिंदू १२ असेल, तर तळ पावणेचार किलोमीटरांवर राहील, उलट श्रावणातल्या २८ आणि २४च्या दिवशी तो पाचशे मीटरवर येईल. एवढी कोरडी वाट तुडवताना लहान थेंब हवेतच विरतात. ढगाखाली राखाडी पदर लोंबताना दिसतो आणि जमिनीआधीच संपतो, तो याचमुळे. शिवाय विरणारे पाणी हवेतली उष्णता घेते, ती थंड झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या करणारे, पाऊस कमी आणि वारा फार असे वादळ पुष्कळदा असेच उठते.

पडणारा थेंब चित्रातल्यासारखा टोकदारही नसतो. बारीक थेंब गोल असतो, मोठा थेंब खालून हवेच्या दाबाने चपटा आणि वरून फुगीर, आपल्या बट्टीसारखा दिसतो, आणि पाच-सहा मिलिमीटरांपलीकडे तो फुटतो. त्याचे माप घरीही घेता येते. अमेरिकेतील विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १९०४ मध्ये लिहिलेली युक्ती अशी, की परातीत बोटभर जाडीचे सैल पीठ पसरावे, दोन-चार सेकंद पावसात धरावे, पीठ वाळू द्यावे आणि चाळणीने चाळावे. वर राहणारी प्रत्येक गोळी ही साधारण एका थेंबाच्या मापाची असते. मृगाच्या पहिल्या सरीत परातीत मोजक्याच, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या मिळतात, कारण बारके थेंब वरच संपलेले असतात. श्रावणातल्या झडीत त्याच परातीत रव्यासारखे बारीक कण भरतात.