प्रोग्रॅममधून छपाई

डेस्कटॉपवरच्या किंवा सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने कागदपत्र स्वतः तयार करून प्रिंटरकडे पाठवणे, याला प्रोग्रॅममधून छपाई म्हणतात. दुकानातले बिल, गोदामातले लेबल, पासबुकातली नोंद, तपासणीचा अहवाल ही तिची रोजची रूपे. पान नेमके कोण रचणार, प्रोग्रॅम, ड्रायव्हर (प्रोग्रॅम आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी) की खुद्द प्रिंटर, यावर या कामातले जवळजवळ सगळे ठरते.

जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला अक्षरांचे संकेतांक मिळत आणि तो आपल्याच स्मृतीतल्या टंकाने ती उमटवी. १९८४ मध्ये अडोबीने आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेत पानाचे वर्णन हाच एक प्रोग्रॅम झाला; पुढच्या वर्षी अ‍ॅपलच्या लेझररायटरने ती भाषा कार्यालयांत नेली. एचपीची पीसीएल आणि लेबलांसाठी झेब्राची झेडपीएल याही प्रिंटरला थेट समजणाऱ्या भाषा. विंडोजमध्ये मात्र प्रोग्रॅम पडद्यावर काढावे तसे पान काढतो आणि त्याचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर ड्रायव्हर करतो.

मराठीसाठी हा फरक फार मोलाचा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संकेतांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, ‘कि’ साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी येते, दिसताना मात्र वेलांटी आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि जोडाक्षरांचे आकार बदलतात. ही मांडणी हार्फबझसारखी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, करते. पावत्या छापणाऱ्या साध्या थर्मल प्रिंटरला ती सहसा येत नाही, म्हणून मराठी ओळ आधी चित्र म्हणून तयार करून पाठवावी लागते. ८० मिलिमीटर रुंदीच्या कागदावर छपाईची रुंदी साधारण ७२ मिलिमीटर असते. मिलिमीटरला ८ ठिपके धरले तर एका आडव्या रेघेत ५७६ ठिपके, म्हणजे ७२ बाइट. ३२ ठिपके उंचीच्या ओळीला २,३०४ बाइट लागतात. इंग्रजीची ४८ अक्षरांची ओळ ४८ बाइटांत मावते. तरीही हा खर्च करावाच. अक्षरांचा आकार मात्र इंग्रजीपेक्षा थोडा मोठा ठेवावा, नाहीतर अनुस्वार शिरोरेषेत बुडतो आणि बिलावरचे नाव चुकीचे वाचले जाते.

सर्व्हरवर अडचणी वेगळ्या. विंडोजची सेवा, म्हणजे पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम, स्वतंत्र खात्याखाली चालते. वापरकर्त्याने स्वतःसाठी जोडलेला नेटवर्क प्रिंटर तिला दिसत नाही. ड्रायव्हरने एखादी खिडकी उघडून प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला समोर कोणी नसते आणि काम तिथेच अडते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग व्यवस्थेतले छपाईचे नेहमीचे वर्ग (तयार कोडचे घटक) सेवांमध्ये वापरण्यास मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. म्हणून आधी पीडीएफ बनवून मग ती छपाईच्या कामांच्या रांगेत टाकणे हा अधिक भरवशाचा मार्ग.

ही रांग सांभाळणारा घटक म्हणजे स्पूलर. लिनक्सवर आणि मॅकवर हे काम कप्स ही छपाईप्रणाली करते. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही प्रणाली अ‍ॅपलने २००२ मध्ये स्वीकारली. विंडोजचा स्पूलर सर्वोच्च अधिकारांनी चालतो, त्यामुळे २०२१ मध्ये उघड झालेली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी गंभीर ठरली. ज्या सर्व्हरवरून छपाई होत नाही तिथे स्पूलर बंदच ठेवावा.

रांगेने ‘पूर्ण’ म्हटले तरी अनेकदा त्याचा अर्थ बाइट प्रिंटरकडे पोहोचले एवढाच असतो. कागद अडकला किंवा संपला हे त्यातून कळेलच असे नाही. प्रिंटरच्या पोर्ट ९१०० वर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार) नुसते बाइट ओतले जातात. पोर्ट ६३१ वरच्या आयपीपी या छपाईच्या संवादनियमांत प्रत्येक कामाला क्रमांक मिळतो आणि त्याची स्थिती विचारता येते. धनादेश किंवा पैसे भरण्याचे चलन छापताना उत्तर आले नाही म्हणून प्रोग्रॅमने तेच काम आपोआप पुन्हा पाठवणे धोक्याचे, कारण दोन्ही प्रती खऱ्या दिसतात. प्रत्येक कागदावर अनुक्रमांक छापावा, पुनर्छपाई माणसाच्या संमतीनेच व्हावी आणि त्या प्रतीवर ‘दुसरी प्रत’ असे ठळक यावे.