एका तेजोमेघात जन्म, दुसऱ्यात अखेर

१२ जुलै २०२२ रोजी जेम्स वेब दुर्बिणीची पहिली रंगीत छायाचित्रं जगापुढे आली. त्यांत तेजोमेघ दोन होते: कॅरिना आणि सदर्न रिंग. दोन्हीकडे झळाळता वायू आणि धूळ, त्यामुळे पुष्कळजण दोन्हींना सरसकट ताऱ्यांचं जन्मस्थान म्हणून मोकळे होतात. कॅरिनाच्या बाबतीत ते खरंच आहे. सदर्न रिंगमध्ये मात्र एका ताऱ्याची अखेर दिसते.

कॅरिना सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं दूर आहे. छायाचित्रात त्याची फक्त एक कड आहे, आणि तिच्यातला सर्वांत उंच सुळकाच जवळजवळ ७ प्रकाशवर्षांचा! सूर्याला सर्वांत जवळचा तारासुद्धा आपल्यापासून सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. चौकटीच्या वर, बाहेर, अतितप्त तरुण तारे आहेत. त्यांच्या अतिनील किरणांनी वायू कोरला जातो. धुळीआड दडलेले नवजात तारे आधीच्या हबल दुर्बिणीला दिसले नव्हते. अवरक्त किरण धुळीतून पार होतात आणि वेब तेच टिपते, म्हणून तिला दिसले.

सदर्न रिंगची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. इंधन संपत आलेला तारा फुगतो, बाहेरचे थर टप्प्याटप्प्याने सोडून देतो आणि उरलेला तप्त गाभा त्याच थरांना उजळवतो. या तेजोमेघाच्या मध्यभागी दोन तारे आहेत. ठळक दिसतो त्याचंच हे सगळं असावं, असं कुणालाही वाटेल. पण वायू सोडला तो शेजारच्या मंद ताऱ्याने! तो स्वतःच धुळीने वेढलेला आहे, हेही वेबनेच पहिल्यांदा दाखवलं.

मग ओळखायचे कसे? रंगांवर जाऊ नका. अवरक्त किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, चित्रातले रंग नंतर ठरवून दिलेले असतात. आकार बघा. अखेरच्या तेजोमेघात थर बहुधा एका केंद्राभोवती असतात, कडं किंवा दोन पाकळ्या दिसतात. जन्माचा मेघ वेडावाकडा पसरलेला आणि त्यात जागोजागी तारे. व्याप्तीतही जमीन-अस्मानाचा फरक: कॅरिना सुमारे ३०० प्रकाशवर्षं रुंद, सदर्न रिंग जेमतेम अर्धं प्रकाशवर्ष. जन्माचे मेघ लाखो वर्षं टिकतात; रिंगसारखे दहा-वीस हजार वर्षांत विरतात, आणि त्यांतला कार्बन अवकाशात मिसळून पुढच्या ताऱ्यांच्या मेघांत जातो.