हॉरर होस्ट

हॉरर होस्ट : दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा लागणाऱ्या जुन्या भयपटाच्या आधी, मध्ये आणि शेवटी सोंग घेऊन येणारा विनोदी निवेदक. ही प्रथा अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांची. होस्ट म्हणून बहुधा केंद्रातलाच माणूस उभा राही. तो एरवी हवामान सांगे, जाहिराती वाचे आणि शनिवारी रात्री शवपेटीतून उठून बसे. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूडीसीए वाहिनीवर ‘काउंट गोर डी व्हॉल’ झालेले डिक डायझेल त्याच वाहिनीवर मुलांसाठी बोझो विदूषकही होत.

पहिली गाजलेली होस्ट म्हणजे लॉस एंजेलिसच्या केएबीसी वाहिनीवरची ‘व्हॅम्पायरा’, अर्थात मायला नुर्मी (१९५४–५५). धुक्याने भरलेल्या बोळातून ती कॅमेऱ्यापर्यंत चालत येई आणि किंकाळी फोडे. प्रथा देशभर पसरली ती मात्र ऑक्टोबर १९५७ मध्ये. स्क्रीन जेम्स कंपनीने युनिव्हर्सल स्टुडिओचे ५२ जुने चित्रपट ‘शॉक’ नावाने वाहिन्यांना एकगठ्ठा भाड्याने दिले आणि सोबत सोंगातला निवेदक ठेवण्याची शिफारसही केली. या गठ्ठ्यात ‘ड्रॅक्युला’, ‘द ममी’ यांच्याबरोबर साधे हेरपट आणि रहस्यपटही कोंबलेले होते. भुताच्या आशेने जागणाऱ्याला हेरपट पाहायला बसवायचे, तर मधला माणूस रंगतदार हवाच. होस्टची खरी गरज तिथे लागे.

कार्यक्रमाचे गणित वेळेचे असते. दीड तासाच्या जागेत ७१ मिनिटांचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१९३१) बसवला की १९ मिनिटे उरतात. जाहिराती वजा जाता होस्टच्या हाती येते ते थोडेच, तेही तुकड्यातुकड्यांनी. प्रत १६ मिलिमीटर फिल्मवर येई. ती मिनिटाला ३६ फूट धावते, म्हणजे या चित्रपटाला सुमारे २,५५० फूट फिल्म लागते. दोन हजार फुटांचे रीळ ५५ मिनिटांत संपते, म्हणून रीळ बदलण्याच्या जागी होस्टचा तुकडा टाकणे सोयीचे पडे. जोड सुटून फिल्म तुटली, तर चिकटवून होईपर्यंत थेट प्रक्षेपणात वेळ मारून नेण्याचे कामही त्याच्याकडेच येई. चित्रपट जागेपेक्षा लांब असला की कात्री चालवावी लागे, आणि पहिला बळी सुरुवातीच्या संथ दृश्यांचा जाई. भयपटाला ते एकवेळ चालते. विनोदी भयपटात मात्र पुढच्या हशाची पेरणी नेमकी तिथेच केलेली असते. ती गेली की शेवटचा विनोद उघडा पडतो.

हे समजायला ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८, दिग्दर्शक चार्ल्स बार्टन) हा उत्तम नमुना आहे. लांबी ८३ मिनिटे. दीड तासाच्या जागेत सातच मिनिटे उरतात, म्हणून त्याला दोन तास द्यावेत. त्यात बेला लुगोसीचा ड्रॅक्युला, लॉन चॅनी ज्युनियरचा लांडगामानव आणि ग्लेन स्ट्रेंजचा राक्षस आपापल्या भूमिका गंभीरपणे करतात. घाबरतात आणि हसवतात ते ॲबट आणि कॉस्टेलो हे दोघे विनोदवीर. शवपेटीवरची मेणबत्ती झाकणाबरोबर सरकते, कॉस्टेलो घाबरून ॲबटला हाका मारतो, ॲबट येतो तेव्हा सगळे जागच्या जागी असते. हा खेळ पुनरावृत्तीवर चढत जातो. त्याच्या मध्ये जाहिरात किंवा होस्ट घातला तर भीतीही जाते आणि हसूही.

विनोदी भयपटावर विनोद करू नये, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम. पडदा स्वतःच हसवत असताना होस्टने माहिती द्यावी : पूर्ण लांबीच्या चित्रपटात लुगोसीने ड्रॅक्युला साकारला तो दोनदाच, १९३१ आणि १९४८ मध्ये, किंवा चित्रीकरणात स्ट्रेंजच्या पायाला दुखापत झाल्यावर डॉ. सँड्रा मॉर्ने या पात्राला खिडकीतून फेकण्याच्या दृश्यात चॅनीनेच राक्षसाचा वेश चढवला. उलट, चित्रपट गंभीर असून लंगडा पडत असेल, तर थट्टेला मोकळे रान. ओकलंडच्या केटीव्हीयू वाहिनीवर बॉब विल्किन्स सिगार घेऊन डोलखुर्चीत बसत आणि चित्रपट टाकाऊ असल्याचे शांतपणे सांगून टाकत. सोंग नाही, रंग नाही. संयमाचा असा नमुना दुसरा नाही.

पडद्यात घुसण्याची युक्ती जॉन झाकर्ली यांनी फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयू वाहिनीवर (१९५७, ‘रोलंड’ या नावाने) आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये गाजवली. चित्रपट चालू असतानाच क्षणभर स्टुडिओतला कॅमेरा जोडायचा. पात्र दार उघडते आणि समोर झाकर्ली दिसतो. हे साधायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : मागची भिंत त्याच छटेची, प्रकाश त्याच बाजूने, आणि नजर पात्राच्या नजरेला मिळणारी. फिल्म तर थांबत नाही, म्हणून तुकडा दोन-तीन सेकंदांचाच हवा. रेंगाळले की मागचा संवाद बुडतो आणि कथेचा धागा तुटतो.

रंगभूषेलाही पथ्ये होती. त्या काळच्या कृष्णधवल कॅमेऱ्यांत फार उजळ भागाभोवती काळसर कडा उमटे, त्यामुळे चुनखडीसारखा पांढरा चेहरा टाळून फिकट राखाडी छटा बरी पडे.

क्लीव्हलंडच्या डब्ल्यूजेडब्ल्यूवर अर्नी अँडरसन यांचा ‘घूलार्डी’ (१९६३–६६) फटाक्यांनी खेळण्यातल्या वस्तू उडवी आणि संवादांवर भलतेच आवाज टाके. शिकागोत १९७० मध्ये जेरी जी. बिशप यांनी ‘स्वेनगुली’ सुरू केला. १९७९ पासून रिच कोझ यांनी आधी त्याचा ‘मुलगा’ म्हणून आणि १९९०च्या दशकापासून स्वेनगुली म्हणूनच तो वारसा चालवला. तिथे पडेल विनोद झाला की होस्टवर रबरी कोंबड्यांचा मारा होतो. फसलेल्या विनोदातूनही हशा वसूल करणारी ही योजना फार हुशारीची आहे. कॅसँड्रा पीटरसन यांची ‘एल्व्हायरा’ (लॉस एंजेलिस, १९८१ पासून) या सर्वांत जास्त प्रसिद्ध झाली. तिने व्हॅम्पायराचे सोंग उचलल्याचा नुर्मी यांचा दावा न्यायालयात टिकला नाही.

१९८४ मध्ये अमेरिकेत जाहिरातींच्या वेळेवरची बंधने सैल झाली. वाहिन्यांना रात्रीचा तास विक्रीच्या लांबलचक जाहिरातींना विकणे परवडू लागले आणि स्थानिक होस्ट भराभर बंद पडले. जुने कार्यक्रम आज फारसे पाहायला मिळत नाहीत. सुरुवातीचे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. पुढे टेप आली, पण ती महाग असल्याने पुसून पुन्हा वापरली जाई. व्हॅम्पायराचे तर काही मिनिटांचेच चित्रण उरले आहे. शिवाय होस्टचे तुकडे आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळ्या मालकांकडे असतात. म्हणून अखंड भाग पुन्हा निघतात ते बहुधा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) किंवा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) अशा, अमेरिकेत स्वामित्वहक्क न उरलेल्या चित्रपटांचे.