वाळूचा ओढा, दोन नावं: श्रीलंकेतल्या सीमागावांची पार्श्वभूमी

श्रीलंकेच्या ईशान्येला, मुल्लैतीवू, वावुनिया आणि त्रिंकोमाली जिल्ह्यांच्या सांध्यावर एक मुलूख आहे. तमिळमध्ये तो मनल आरू, सिंहलीत वेली ओया. दोन्हींचा अर्थ एकच, वाळूचा ओढा. 1988 मध्ये सरकारदरबारी सिंहली नाव लागलं. तोवर तिथली बरीच तमिळ गावं ओस पडली होती.

1983 च्या जुलैत कोलंबोत दंगली झाल्या, तिथून सरकार आणि स्वतंत्र तमिळ राज्य मागणारी एलटीटीई (लिट्टे) यांच्यातल्या युद्धाचा इतिहास सांगायची पद्धत आहे. सिंहली आणि तमिळ मुलखांच्या सीमेवरच्या गावांची गोष्ट मात्र पाण्यापासून सुरू होते. हा कोरडा पट्टा, भातशेती सगळी तलावांवर आणि कालव्यांवर. 1949 पासून गल ओया आणि 1977 नंतर महावेली या नद्यांवरच्या योजनांत धरणं बांधून दक्षिणेतल्या भूमिहीन सिंहली शेतकऱ्यांना इथे जमिनी दिल्या. शेतकऱ्याच्या नजरेनं तो पाण्याखालचा तुकडा होता. तमिळ पुढाऱ्यांना त्यात मतदारसंघांचा रंग बदलताना दिसला आणि उत्तर-पूर्वेचा सलग तमिळ पट्टा मधोमध तुटताना दिसला. दोघांचंही म्हणणं खोटं नव्हतं.

यात सर्वांत जास्त भरडले गेले ते चहामळ्यांतले तमिळ. 1948 च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांच्यातले सुमारे सात लाख लोक एका फटक्यात बिननागरिक झाले. 1977 च्या दंगलींनंतर त्यांच्यातली काही कुटुंबं जीव वाचवायला उत्तरेकडे आली आणि केंट फार्म, डॉलर फार्म अशा खासगी शेतमळ्यांवर वसली. 1984 मध्ये सरकारनं त्यांना तिथून उठवलं आणि त्या जागी सिंहली कैदी, त्यांच्या बायकामुलांसह, आणून ठेवले. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला एलटीटीईनं दोन्ही मळ्यांवर हल्ला करून 62 जणांना मारलं. मग लष्करानं आसपासच्या तमिळ गावांवर राग काढला आणि डिसेंबरात किनाऱ्यावरची कोक्किलाई, कोक्कुतोडुवाई ही गावं रिकामी करायला लावली. कैद्यांच्या कुटुंबांनी ती जागा निवडली नव्हती आणि कोक्किलाईच्या कोळ्यांनी तो हल्ला केला नव्हता.

यानंतर आले होमगार्ड. सिंहली आणि मुस्लिम गावांतल्या पुरुषांना थोडकं प्रशिक्षण आणि बहुतेक ठिकाणी 12 बोअरची बंदूक. तिचा नेम चाळीस-पन्नास मीटरपर्यंत, समोरच्याकडे मात्र तीनशे मीटरवरून मारणाऱ्या रायफली. बंदूक असली की गाव निःशस्त्र राहत नाही, म्हणजे समोरच्याला हल्ल्याचं निमित्त मिळतं, आणि लुटायला हत्यारही. त्यामुळे कित्येक गावांत लोक संध्याकाळी जेवण उरकून अंथरूण-पांघरुणासकट रानात झोपायला जात. हल्लेखोर आपलं काम करून रातोरात निघून जात. सूड घ्यायला हाताशी उरे ते शेजारचं गाव. पोलोन्नरुवा जिल्ह्यात 29 एप्रिल 1992 ला हेच घडलं. एलटीटीईनं अलंचिपोताना या मुस्लिम गावात पन्नासाहून अधिक माणसं मारली आणि त्याच दिवशी मुस्लिम होमगार्डांनी करपोला आणि मुतुगला या लगतच्या तमिळ वस्त्यांत ऐंशीहून अधिक.

मुस्लिमांची भाषा तमिळ, पण ते स्वतःला वेगळा समाज मानतात. एलटीटीईच्या हिशेबात ते आधी आपले होते, मग फितूर ठरले. 3 ऑगस्ट 1990 ला पूर्व किनाऱ्यावरच्या काट्टानकुडी गावातल्या दोन मशिदींत रात्रीच्या नमाजाला जमलेल्यांवर गोळीबार झाला. शंभराहून कितीतरी जास्त माणसं गेली. ऑक्टोबरात उत्तरेतल्या सगळ्या मुस्लिमांना निघून जायला सांगितलं. जाफना शहरात मुदत दोन तासांची. सोनं-नाणं आणि घरांच्या किल्ल्या काढून घेतल्या, रोकड बरोबर किती न्यायची तेही ठरवून दिलं. सत्तर-पंचाहत्तर हजार लोक बाहेर पडले आणि बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमच्या छावण्यांत पोचले.

वन्नीत, म्हणजे जाफनाच्या दक्षिणेला एलटीटीईच्या ताब्यात असलेल्या मुलखात, राहणाऱ्या तमिळांचं काय? बाहेर जायला पास लागे. पाससाठी मागे जामीनदार ठेवावा लागे, तुम्ही परत आला नाहीत तर त्याची मान अडकलेली. 2006 नंतर घरटी एक मूल भरतीला देण्याची सक्ती कडक झाली. लग्न झालेल्यांना नेत नाहीत म्हणून आईबाप अल्पवयीन मुलामुलींची घाईनं लग्नं लावत. पुढे विवाहितांनाही नेऊ लागले.

याच मुलखात शिक्षक, डॉक्टर आणि ग्राम निलधारी, म्हणजे आपल्या ग्रामसेवक-तलाठ्यासारखा माणूस, यांचा पगार कोलंबोहून येई. याद्या तेच करत आणि रेशन त्या याद्यांवर ठरे. 2009 च्या सुरुवातीला स्थानिक अधिकाऱ्यांच्या हिशेबात वन्नीतल्या लढाईत अडकलेली माणसं 3 लाख 30 हजारांच्या घरात होती. संरक्षण मंत्रालय सत्तर हजारांच्या आसपास म्हणत होतं आणि धान्य-औषधं त्या आकड्याच्या मापानं निघत होती. युद्ध संपल्यावर छावण्यांत मोजले गेले पावणेतीन लाखांहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं 2011 मध्ये तर मुद्दाम आकडा कमी सांगितल्याचं नोंदवलं.

21 जानेवारी 2009 ला लष्करानं पहिलं 'गोळीबारमुक्त क्षेत्र' जाहीर केलं. 12 फेब्रुवारीला दुसरं, नंदिकडल खाजण आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत. 8 मे रोजी तिसरं, अगदी इवलंसं. तोफगोळे तिथेही पडले. एलटीटीईनं तोफा लोकांच्या गर्दीत आणून लावल्या आणि निघू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या.

वन्नीच्या माणसाला खंदक खणायचं आधीपासून माहीत होतं. तो एल आकाराचा खणायचा, कारण गोळ्याचे तुकडे सरळ उडतात, वळण असलं की आतला वाचतो. वर ताडाचे ओंडके, त्यावर वाळूच्या पिशव्या. शेवटच्या लढाईच्या जागी, मुळ्ळिवाईक्कालच्या किनाऱ्यावर, ही विद्या फसली. वाळूच्या भिंती ढासळत आणि थोडं खणलं की खालून पाणी लागे. एवढ्या लोकांना ओंडके पुरणार कुठून! पोती संपली तेव्हा बायकांनी साड्या कापून, लग्नातल्याही, पिशव्या शिवल्या. रेशीम घट्ट विणीचं, वाळू गळत नाही.

18 मे 2009 ला युद्ध संपलं आणि कागदांचं युद्ध सुरू झालं. श्रीलंकेच्या कायद्यात दहा वर्षं बिनतक्रार कब्जा असला की मालकी मागता येते. 1990 ला हाकललेला, वायव्येकडच्या मन्नार जिल्ह्यातला मुस्लिम वीस वर्षांनी परतला तर त्याच्या शेतात दुसऱ्याचं घर, तोही बहुधा युद्धातच विस्थापित झालेला. गेल्या वेळी दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाची आता चार कुटुंबं. मतदार यादीत नाव पुत्तलमला राहिलं असेल तर घरबांधणीचं अनुदान अडे, आणि ते नाव मन्नारला हलवावं तर पुत्तलममधल्या मुलांची शाळा आणि रेशन अडे. युद्धकाळ त्या दहा वर्षांत धरू नये म्हणून संसदेनं 2016 मध्ये खास कायदा केला. तोवर युद्ध संपून सात वर्षं झाली होती.